सतराव्या वर्षी व्यावसायिक करार: बचावपटू मुलीचा विचार वेगळा का करावा लागतो

सॅन होजे येथे राहणाऱ्या एका मराठी पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत शिकते. फुटबॉलमध्ये ती सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळते आणि गरज पडल्यास राइट-बॅकला, म्हणजे उजव्या कडेलाही, उभी राहते. अमेरिकेतल्या नॅशनल विमेन्स सॉकर लीग या व्यावसायिक लीगमधल्या एका क्लबने तिला आपल्या खेळाडूंबरोबर सरावाला बोलावले आहे, आणि त्याच सुमारास काही विद्यापीठांच्या प्रशिक्षकांचीही विचारणा सुरू झाली आहे. या वयात व्यावसायिक करार करावा की कॉलेजचा मार्ग धरावा, आणि ती बचावपटू असल्यामुळे उत्तरात काही फरक पडतो का, असे त्यांना विचारायचे आहे. कॅलिफोर्नियात मुलींच्या संघांच्या बचावफळ्या घडवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

फरक पडतो, आणि बराच पडतो. संघ दोन गोलांनी पुढे असताना आणि सामन्याची पंधरा मिनिटे उरलेली असताना प्रशिक्षक सतरा वर्षांच्या विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणारीला, निर्धास्तपणे मैदानात पाठवतो, कारण तिच्याकडून चेंडू गेला तरी मागे सात-आठ जणी असतात. अशा पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांतून आघाडीच्या मुलीचा पहिला हंगाम पार पडतो. बचावफळीला मात्र प्रशिक्षक सामना चालू असताना सहसा हात लावत नाही. पाच बदली खेळाडूंची मुभा असली तरी ती बहुतेक वेळा आघाडीसाठी आणि मधल्या फळीसाठी खर्ची पडते. त्यामुळे तरुण बचावपटू एक तर पहिल्या अकरात असते किंवा पूर्ण वेळ बाकावर बसलेली असते, आणि मधली पायरी तिला जवळजवळ मिळतच नाही. त्यातच तिची चूक थेट गोलफलकावर दिसते. म्हणून मी पालकांना नेहमी सांगतो की बचावपटूची कारकीर्द करारावर सही होते त्या दिवशी सुरू होत नाही. तिच्या चुकीमुळे गोल झाल्यानंतरच्या आठवड्यातही प्रशिक्षक तिला पुन्हा पहिल्या अकरात उतरवतो, त्या दिवशी ती सुरू होते. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वयाचा नसून, असा दिवस तिला कुठे लवकर दिसेल, हा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या एली कार्पेंटरचे उदाहरण या संदर्भात फार वेळा दिले जाते आणि बहुतेक वेळा अर्धवट दिले जाते. न्यू साउथ वेल्समधल्या काउरा या शेतीप्रधान गावात २००० साली जन्मलेली ही मुलगी २०१८ च्या मे महिन्यात, अठरावा वाढदिवस उलटून जेमतेम काही दिवस झालेले असताना, पोर्टलंड थॉर्न्सकडून अमेरिकेच्या लीगमध्ये उतरली आणि तोपर्यंतची या लीगमधली सर्वांत लहान खेळाडू ठरली. एवढेच वाचून पालक हुरळतात. परंतु ती पोर्टलंडला आली तेव्हा नवखी नव्हती. २०१५-१६ च्या हंगामातच, पंधराव्या वर्षी, ती ऑस्ट्रेलियाच्या महिला लीगमध्ये वेस्टर्न सिडनी वाँडरर्सकडून खेळू लागली होती. मार्च २०१६ मध्ये तिने राष्ट्रीय संघाकडून पदार्पण केले, त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकला ती गेली, आणि पोर्टलंडला येण्यापूर्वीचा हंगाम तिने कॅनबेरा युनायटेडकडून पूर्ण केला होता. म्हणजे अमेरिकेतला पहिला सामना खेळण्यापूर्वी तीन हंगाम ती प्रौढ स्त्रियांविरुद्ध खेळत होती, चुका करीत होती आणि तरीही संघात टिकून होती. शिवाय ऑस्ट्रेलियाची ती लीग त्या काळी लहान होती. नऊ संघ आणि प्रत्येक संघाला नियमित हंगामात बारा सामने. वाढत्या शरीराला पेलेल इतकाच भार आणि शिकायला पुरेशी संधी, असा मेळ तिला तिथे मिळाला. अमेरिकेत आजच्या घडीला असा छोटा आणि तरीही गंभीर हंगाम सोळा वर्षांच्या मुलीला सहजासहजी उपलब्ध नाही. कार्पेंटरचा रस्ता आपल्या मुलीला लागू करताना ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कार्पेंटर पुढे विसाव्या वर्षी फ्रान्समधल्या ल्यों क्लबकडे गेली.

दुसरे उदाहरण लॉस एंजेलिसच्या जिझेल थॉम्पसनचे आहे, आणि ते तुमच्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. डिसेंबर २००५ मध्ये जन्मलेली ही फुल-बॅक, म्हणजे कडेची बचावपटू, शाळेत असताना मुलग्यांच्या संघांमध्ये खेळली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ती अमेरिकेच्या संघात होती. भुवनेश्वरला भारताविरुद्ध अमेरिकेने जो ८-० असा विजय मिळवला, त्यातला एक गोल तिचा होता. नंतर नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाने पेनल्टी शूटआउटमध्ये अमेरिकेला घरी पाठवले. तिची मोठी बहीण ॲलिसा आघाडीची खेळाडू. २०२३ च्या जानेवारीत शाळेतूनच थेट लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नव्या खेळाडू निवडत त्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर ॲलिसाची निवड झाली आणि ती लॉस एंजेलिसच्याच एंजल सिटी क्लबकडून लगेच खेळू लागली. जिझेलने त्याच क्लबशी डिसेंबर २०२३ मध्ये करार केला. दोघींनी स्टॅनफर्डला जाण्याचे आधी ठरवले होते, ते बाजूला ठेवले. एकाच घरातल्या, एकाच क्लबमधल्या या दोघींची सुरुवात शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तर मी वर जे म्हणत आहे ते स्पष्ट दिसते. आघाडीची ॲलिसा पहिल्या हंगामापासून संघाचा भाग होती. बचावातल्या जिझेलच्या वाट्याला २०२४ च्या हंगामात फार थोडे सामने आले, आणि २०२५ मध्ये ती नियमित खेळू लागली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शीबिलीव्ह्ज चषक या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी ती अमेरिकेच्या मुख्य संघाकडूनही खेळली. ते पहिले वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण रोजचा सराव हीही शाळाच असते. पण त्या वर्षात ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या शहरात, बहिणीच्या सोबतीने होती, हे विसरून चालणार नाही. परक्या शहरात भाड्याच्या खोलीत बाकावर बसून काढलेले वर्ष अठरा वर्षांच्या मुलीला फार वेगळे जाते.

आता नियमांविषयी. ही लीग २०१३ मध्ये सुरू झाली, आणि सुरुवातीची काही वर्षे अठरा वर्षांखालील मुलीशी करार करण्यास तिच्या नियमात जागा नव्हती. २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या ऑलिव्हिया मोल्ट्रीने ऑरेगनच्या संघीय न्यायालयात या अटीला आव्हान दिले, न्यायालयाने तिच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, आणि त्याच उन्हाळ्यात ती पोर्टलंड थॉर्न्सची खेळाडू झाली. त्यानंतर लीगने अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी वेगळी प्रवेशव्यवस्था आखली. तिच्यात पालकांच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत: मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत पालकांजवळ किंवा कायदेशीर पालकत्व असलेल्या व्यक्तीजवळ राहिली पाहिजे, आणि तोपर्यंत तिच्या व पालकांच्या संमतीशिवाय क्लब तिला दुसरीकडे पाठवू शकत नाही. सॅन होजेच्या बे एफसीखेरीज अन्य क्लबचा विचार करायचा झाला तर घरातल्या एका मोठ्या माणसाला नोकरीसह त्या शहरात जावे लागेल, असा याचा सरळ अर्थ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेबरोबर झालेल्या सामूहिक करारानुसार ड्राफ्ट पूर्णपणे रद्द झाला आहे. पूर्वी कॉलेज करून येणाऱ्या मुलीला जो क्लब निवडेल तिकडे जाणे भाग होते. आता ती हवा तो क्लब स्वतः निवडू शकते. माझ्या मते या बदलामुळे थांबण्याची किंमत खूप कमी झाली आहे, आणि घाईच्या बाजूने होणारा जुना युक्तिवाद आता तितका टिकत नाही.

थांबण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तुमच्याच शहरातले आहे. नेओमी गिर्मा सॅन होजेची. आईवडील इथिओपियातून आलेले. ती सेंटर-बॅक आहे. व्यावसायिक होण्याआधी ती स्टॅनफर्डला शिकली, तिथे असताना गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीमुळे एक हंगाम मुकली, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सान डिएगो वेव्हने तिला पहिल्या क्रमांकावर घेतले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्याच पहिल्या हंगामात ती लीगची सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू आणि सर्वोत्कृष्ट बचावपटू, दोन्ही ठरली. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजली. महिला फुटबॉलमध्ये तोवर एवढी रक्कम कोणासाठीही दिली गेली नव्हती. सेंटर-बॅकला उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, याचा याहून ठळक पुरावा मला देता येणार नाही. सेंटर-बॅकचा खेळ वाचनाचा आहे, आणि तो पायांच्या वेगापेक्षा सावकाश पिकतो. फुल-बॅकला वेग आणि दम यांच्या बळावर थोडे लवकर उभे राहता येते. वरची कार्पेंटर आणि थॉम्पसन, दोघीही फुल-बॅक आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. नियमाला अपवाद आहेत: जॉर्डिन बगने २०२४ मध्ये सतराव्या वर्षी सिएटल रेनशी करार केला आणि ती सेंटर-बॅकच आहे. पण अपवादावर आपल्या मुलीची योजना बेतू नये.

मधलीही एक वाट आहे. सेव्ही किंगने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एकच वर्ष काढले आणि २०२४ च्या शेवटच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ती बे एफसीकडे आली. त्या क्लबच्या पहिल्याच हंगामात, एकोणीस वर्षांची असताना, ती बचावफळीत खेळली. क्लब नवा होता आणि जागा भरलेल्या नव्हत्या, हा त्यातला कळीचा भाग. तिच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०२५ मध्ये ती एंजल सिटीकडे गेली आणि ९ मे रोजी युटा रॉयल्सविरुद्धच्या सामन्यात, चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला, आसपास कोणी नसताना मैदानावर कोसळली. रुग्णालयात हृदयातला दोष आढळला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. सामना मात्र पुढे खेळवला गेला, आणि तो तसा खेळवायला नको होता हे लीगने नंतर मान्य केले. क्लबच्या सरावाला जाण्यापूर्वी मुलीचा ईसीजी करून घ्या, कुटुंबात कोणाचा लहान वयात अचानक मृत्यू झाला असेल तर तो डॉक्टरांना सांगा, आणि तिच्या नेहमीच्या मैदानावर हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र कुठे ठेवलेले आहे हे स्वतः विचारून घ्या.

क्लबने सरावाला बोलावले आहे तर तिला जरूर पाठवा, मात्र कॉलेजकडून खेळण्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून मानधन घेऊ नका आणि जाण्याआधी विद्यापीठाच्या नियमपालन अधिकाऱ्याला विचारून घ्या. जमल्यास स्वतः बसून बघा, पण चेंडू बघू नका. दहा मिनिटे फक्त तिच्याकडे बघा. समोरच्या विंगरकडे पास निघाला की शाळेच्या पातळीवरची मुलगी सरळ धावत जाते आणि छाती समोर, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून तिच्यापुढे उभी ठाकते. मग विंगरने एका स्पर्शात चेंडू बाजूने काढला की वळायलाच तिचे दोन क्षण जातात. तयार बचावपटू चेंडू हवेत किंवा जमिनीवर प्रवासात असतानाच सर्वांत जोरात धावते, विंगरचा पहिला स्पर्श होण्याच्या एक पाऊल आधी पावले आखूड करते, कंबर खाली घेते आणि तिरकी उभी राहून तिला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलते. हातभर अंतर राखते, नजर चेंडूवर ठेवते, आणि समोरचीचा स्पर्श जड होईपर्यंत पाय घालत नाही. हे बहुतेक चांगल्या क्लबमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत शिकवलेले असते. व्यावसायिक पातळीवर अडचण वेगळीच येते: तिथली विंगर तिला चकवायला जातच नाही. ती एका स्पर्शात चेंडू मागे देते आणि तिच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावत सुटते. मुलीची नजर चेंडूबरोबर गेली तर तेवढ्यात धावणारी हातची निसटलेली असते. म्हणून प्रत्येक पासच्या आधी ती खांद्यावरून मागे बघते की नाही, हे मोजा. पहिल्या दिवशी ती कमी बघेल. दोन-तीन आठवड्यांत ते वाढत गेले तर तिची शिकण्याची गती चांगली आहे असे समजा, मग सरावात तिच्यावर कितीही गोल झाले तरी.

दुसरी गोष्ट आवाजाची. सेंटर-बॅकला सगळे मैदान समोर दिसते, म्हणून तिने सतत बोलले पाहिजे. ‘स्टेप’ म्हणून रेषा पुढे काढणे, ‘ड्रॉप’ म्हणून मागे घेणे तिचेच काम. सतरा वर्षांच्या मुलीला एकतीस वर्षांच्या, विश्वचषक खेळलेल्या खेळाडूवर ओरडावे लागते. मराठी घरांतल्या मुली इथे अडखळतात, हे मी वारंवार पाहिले आहे. मोठ्यांना अरेतुरे करायचे नाही, हे त्यांच्या अंगात इतके भिनलेले असते की सूचना विनंतीच्या सुरात बाहेर पडते, आणि तोपर्यंत प्रतिस्पर्धी ऑफसाइडच्या रेषेतून निघून गेलेली असते. मैदानावर कोणी ताई नसते, हे तिला घरातूनच सांगा. ज्या मुलीने पहिल्या आठवड्यात मोठ्या खेळाडूला मोठ्याने जागेवर आणले, तिच्याकडे प्रशिक्षकाचे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही.

शरीराच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीहून अधिक आढळते. कार्पेंटरलाही ती चुकली नाही. २०२२ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिचा गुडघा गेला, आणि ती परतली तेव्हा पुढच्या वर्षीचा विश्वचषक दारात होता. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप, त्यातल्या एका पायावरच्या उड्या आणि हॅमस्ट्रिंगच्या व्यायामांसह, आठवड्यातून किमान दोनदा नीट केला तर दुखापतींचे प्रमाण घटते, हे अभ्यासांत दिसले आहे. मुलगी शाकाहारी असेल तर रक्तातले लोह आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासा. मासिक पाळी सलग तीन महिने बंद राहिली तर ती सरावाची शाबासकी नाही. खाणे कमी पडत आहे असे धरून लगेच डॉक्टरांकडे जा. शाळा, क्लब, राज्य किंवा राष्ट्रीय शिबिर आणि वर हा नवा सराव, यांचा एकत्र हिशोब कोणीच ठेवत नाही, कारण प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपले तास मोजतो. तो हिशोब घरात ठेवावा लागतो.

पैशांबाबत भ्रम नसावा. २०२४ च्या सामूहिक करारानुसार लीगमधले किमान वार्षिक वेतन २०२५ साठी ४८,५०० डॉलर होते आणि २०३० पर्यंत ते ८२,५०० डॉलरपर्यंत जायचे आहे. या राज्यातल्या मोठ्या खासगी विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर तिचे वर्षाचे मोल त्या आरंभीच्या वेतनाहून जास्त भरते. याच्या उलट, व्यावसायिक करार केल्यावर कॉलेजकडून खेळण्याचा हक्क सामान्यतः संपतो आणि तो परत मिळत नाही. काही क्लब पुढे शिक्षणाचा खर्च करारात लिहून देतात. तसे आश्वासन तोंडी मिळाले असेल तर ते मिळालेच नाही असे समजा. आणखी एक मुद्दा इथले प्रशिक्षक कधीच काढत नाहीत, पण आपल्या कुटुंबांत तो निर्णायक ठरतो: मुलगी अजून एच-४, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, व्हिसावर असेल तर तिला वेतन घेऊन खेळताच येणार नाही. खेळाडूंसाठी पी-१ हा वेगळा व्हिसा आहे, परंतु ज्या मुलीची आंतरराष्ट्रीय ओळख अजून तयार व्हायची आहे तिला तो मिळवणे अवघड जाते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा अडथळा नाही.

तुमच्या मुलीविषयी माझे मत असे. ती मुख्यतः सेंटर-बॅक असल्यामुळे या वर्षी सही करू नये. विद्यापीठांशी चालू असलेले बोलणे तोडू नये. त्यांच्या प्रशिक्षकांना मात्र एकच विचारावे: पहिल्या वर्षी आलेल्या बचावपटूंपैकी गेल्या काही वर्षांत किती जणींना पहिल्या अकरात जागा मिळाली? क्लबने प्रत्यक्ष प्रस्ताव दिलाच, तर तिच्या जागेवर आत्ता कोण आहे, त्या खेळाडूचा करार कधी संपतो, आणि ज्या आठवड्यात मुलगी सामन्याच्या यादीत नसेल त्या आठवड्यात ती कुठे आणि कोणाविरुद्ध नव्वद मिनिटे खेळेल, हे लेखी मागा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोलमोल आले तर पहिली दोन उत्तरे कितीही चांगली असोत, थांबा. येत्या मेपासून जुलैपर्यंत तिला यूएसएलच्या डब्ल्यू लीग या उन्हाळी लीगमधल्या एखाद्या जवळच्या संघात हौशी खेळाडू म्हणून उतरवता येईल. त्यात कॉलेजचा हक्क शाबूत राहतो आणि विद्यापीठात खेळणाऱ्या, तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलींविरुद्ध पूर्ण सामने मिळतात. त्या उन्हाळ्यात ती सेंटर-बॅकलाच खेळेल, राइट-बॅकला हलवली जाणार नाही, एवढे संघाच्या प्रशिक्षकाकडून आधी ठरवून घ्या, आणि करार करायचा की नाही याचे बोलणे ऑगस्टमध्ये पुन्हा काढा.